आठ पुस्तकं आणि अठरा पावलं

रविवारची पुरवणी वाचायची कार्डकाकांची एक ठरलेली पद्धत होती. आधी शब्दकोडं, मग शेवटचं पान, मग मधली पानं, आणि गंभीर असं काही असेल तर ते काकूंनी वाचून दोन वाक्यांत सांगायचं. त्या रविवारी मधल्या पानावर त्यांचा हात थबकला. मथळा होता : 'सायबरपंक विज्ञानकथेचा उदय आणि प्रभाव'. उदयाबद्दल काकांची काही तक्रार नव्हती. प्रभावाबद्दलही नव्हती. पण लेखाच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढं एका पुस्तकाचं मुखपृष्ठ छापलं होतं. पावसात उभा असलेला माणूस, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि मानेतून निघून भिंतीत शिरलेली एक तार.

काकांच्या कपातला चहा बशीत आला आणि बशीतला मांडीवर.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणायला चहा सांडावा लागत नाही."

काका एकतीस वर्षं वाचनालयात सूचीकार होते. म्हणजे नवीन पुस्तक आलं की ते कोणत्या विषयाचं आहे हे ठरवायचं, त्याला क्रमांक द्यायचा, त्याचं कार्ड लिहायचं आणि ते योग्य कपाटात पाठवायचं. तेव्हापासून सगळे त्यांना कार्डकाकाच म्हणत. पुढे वाचनालयात संगणक आला आणि कार्डं गेली, तरी नाव राहिलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक मानपत्र मिळालं होतं. ते घराच्या पॅसेजमध्ये, स्विचबोर्डाच्या बरोबर वर, चौकटीत लावलेलं होतं. त्यात लिहिलं होतं : 'एकतीस वर्षांच्या सेवेत यांच्या हातून एकही पुस्तक चुकीच्या जागी गेले नाही.' काका मनातून भित्रे, बुजरे, स्वतःबद्दल सदा साशंक. दुकानात सुटे मागतानाही आधी माफी मागणारे. आयुष्यात खात्रीने सांगता येईल असं एकच वाक्य त्यांच्याजवळ होतं, आणि तेसुद्धा दुसऱ्याने लिहून दिलेलं.

"शक्यच नाही," काका पुरवणीकडे बघत पुटपुटले. "एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही पुस्तक चुकीच्या जागी गेलेलं नाही."

काकू उठल्या, पॅसेजमध्ये गेल्या, 'टक्' असा आवाज झाला, आणि त्या परत येऊन बसल्या. काकांचं लक्ष नव्हतं. गेली नऊ वर्षं नव्हतं.

"हे सायबरपंक म्हणजे काय प्रकरण आहे?" काकूंनी विचारलं.

"चाळीसेक वर्षांपूर्वी निघालेला विज्ञानकथेचा प्रकार," काका लेखावरून बोट फिरवत म्हणाले. "त्याआधीच्या कथांत माणसं रॉकेटात बसून दुसऱ्या ग्रहावर जायची. यात कुणी कुठे जात नाही. शहर इथलंच, पाऊस इथलाच. यंत्रं मात्र फार पुढे गेलेली, आणि माणसं होती त्याहून खाली. सरकारापेक्षा कंपन्या मोठ्या. सगळ्यांवर कुणाची तरी नजर. मग एखादा मोडका माणूस त्या यंत्रात चोरून शिरतो. लिहिलंय की पुढे सिनेमे, खेळ, कपडे, सगळ्यांवर याचा प्रभाव पडला."

"यात कथा कुठे आली? आपलं वॉशिंग मशीन काम झालं की गाणं म्हणतं आणि माझे गुडघे साथ करतात." काकूंनी चित्राकडे निरखून पाहिलं. "आणि हा तर आपला वायरमन वाटतो."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. त्यांच्या शहरातले वायरमन चमत्कारिक होते. घरात आले तरी काळा चष्मा काढत नसत. नाव विचारलं तर "लिहू नका" म्हणत. नऊ वर्षांपूर्वी घराचं वायरिंग नवं केलं तेव्हा काकूंनी स्विचबोर्डावरच्या चौथ्या बटणाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "याने काय लागतं?" वायरमन म्हणाला, "काही लागत नाही. ते तुमचं आहे." आणि निघताना दारात थांबून खालच्या आवाजात म्हणाला होता, "मी इथे आलो नव्हतो." काकू म्हणाल्या होत्या, "आला नव्हतात, तर पायपुसणं कुणी मळवलं?"

पण आपण भरकटलो. मुद्दा त्या चित्राचा होता. ते पुस्तक काकांनी ओळखलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या प्रकाशकाकडून वाचनालयाला भेट आलेल्या गठ्ठ्यात त्याचं भाषांतर होतं. 'उद्याची यंत्रं, भाग एक ते आठ'. काकांनी ते कुठे पाठवलं होतं, हेही त्यांना लख्ख आठवत होतं. रेडिओदुरुस्तीच्या कपाटात.

आता ही चूक झाली कशी? काकांना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं की सूचीकाराने पुस्तक वाचू नये. शिंपी शिवलेला प्रत्येक सदरा घालून आरशासमोर उभा राहिला तर दुकान चालायचं कसं? मुखपृष्ठ बघावं, अनुक्रमणिका बघावी, आणि तरीही शंका राहिली तर तेहतिसावं पान वाचावं. तेहतिसाव्या पानापर्यंत लेखकाचं नमनाचं तेल संपलेलं असतं आणि तो विषयावर आलेला असतो. या एका पानाच्या जोरावर काकांनी चाळीस हजार पुस्तकं मार्गी लावली होती. 'उद्याची यंत्रं'च्या पहिल्या भागात तेहतिसाव्या पानावर एक माणूस जुना रेडिओ उघडून बसला होता : 'लाल तार डावीकडच्या टोकाला लावा. काळी तार सोडवा. आता सांध्याला कथलाचा डाख द्या.' ही कादंबरीतल्या एका पात्राची दुसऱ्या पात्राला दिलेली सूचना होती, हे चौतिसाव्या पानावर कळलं असतं. पण चौतिसावं पान वाचायचा काकांचा रिवाज नव्हता.

सोमवारी काका वाचनालयात गेले. काम मोठं नव्हतं. आठ पुस्तकं मागच्या खोलीतल्या दुरुस्तीच्या कपाटातून काढून पुढच्या दालनात कथा-कादंबऱ्यांत ठेवायची. अंतर अठरा पावलं. काकांनी ते मोजून घेतलं. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

कपाटाशी पोचल्यावर मात्र ते बघतच राहिले. आजूबाजूची रेडिओची पुस्तकं कोरीच्या कोरी, अंगावर धुळीची गोधडी घेऊन झोपलेली. आणि ही आठ पुस्तकं वापरून वापरून चिंध्या झालेली. पुठ्ठे काळ्या चिकटपट्टीने बांधलेले, ती तारांना गुंडाळतात तसली. तारखांच्या चिठ्ठ्या एकावर एक अशा सतरा. वाचनालयातल्या सगळ्यात रडक्या प्रेमकथेलाही पाचच्या वर चिठ्ठ्या लागल्या नव्हत्या. काकांनी भाग एक उघडला. तेहतिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं :

'ही जोडणी करून पाहिली. फ्यूज उडतो. — एक वायरमन.'

त्याखाली दुसऱ्या अक्षरात : 'आधी काळी तार सोडवा असं लिहिलंय ना? नीट वाचा. — दुसरा.'

त्याखाली : 'दोघांचंही खरं. पण त्या मुलीने त्याला असं फसवायला नको होतं. — तिसरा.'

आणि अगदी तळाशी, ठळक : 'तिने फसवलं नाही. भाग सहा वाचा.'

काकांनी पुस्तक मिटलं. तेव्हा त्यांना पुस्तकांच्या कण्यांवरचे लाल ठिपके दिसले. आठही पुस्तकांवर. साऱ्या कपाटावर.

"तो विभाग शनिवारी रद्दीत जातोय काका," मागून ग्रंथपालबाई म्हणाल्या. बाई हुशार, तडफदार आणि कायम घाईत असत, पण काकांशी आदराने बोलत. "व्हॉल्व्हचे रेडिओ राहिले नाहीत, आणि दुरुस्त तर हल्ली कुणी काही करतच नाही. गाडी थेट लगद्याच्या कारखान्यात जाणार. का हो? काही हवं होतं?"

"नाही. म्हणजे... त्यात आठ..."

"आठ काय?"

सांगायची वेळ हीच होती. काकांचं तोंड उघडलं, बंद झालं. "आठ फळ्या आहेत," ते म्हणाले. "चांगल्या लाकडाच्या."

"फळ्या ठेवणार आहोत," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

पुस्तकाचा विषय बदलायचा तर वर्गबदलाचा अर्ज करावा लागे. काकांनी तो मागून घेतला. नऊ रकाने होते. पहिले सहा त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात भरले. सातवा रकाना होता : 'मूळ चूक कोणाची?' गंमत अशी की हा अर्ज सव्वीस वर्षांपूर्वी काकांनीच तयार केला होता. सातवा रकाना त्यांनी तेव्हाच्या अध्यक्षांशी भांडून घालून घेतला होता, कारण त्या काळी दुसरे काही लोक फार चुका करत.

अर्ज घेऊन ते शेजारच्या हेडक्लार्कांकडे गेले. हेडक्लार्क निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्या खिशाला अजून दोन पेनं असत, एक लिहायला आणि एक खोडायला.

"चूक झाली असं मुळीच लिहायचं नाही," हेडक्लार्क दार लावून घेत म्हणाले. "'असे आढळून आले' असं लिहायचं. आढळून आलं म्हटलं की विषय संपला. आम्ही एकदा अख्खा पूल आढळून आणला होता."

"पूल?"

"बांधायचा राहून गेला होता. ते असू द्या. लिहा : सदर पुस्तके कालौघात अन्य कपाटात असल्याचे आढळून आले."

"कालौघात?"

"काळावर ढकलायचं. काळ कधी उत्तर द्यायला येत नाही."

जिन्यात तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कारण हेडक्लार्कांचं दार लावलेलं असलं तरी त्यांचा आवाज लावलेला नव्हता. "काका, एवढा अर्ज कशाला? स्वेटरच्या आत घाला एकेक आणि चालायला लागा. अठराच पावलं ना?"

मंगळवारी अर्ज परत आला. संगणकाला सातव्या रकान्यात माणसाचं नाव हवं होतं. 'काळ' हे नाव त्याला मान्य नव्हतं.

बुधवारी दुपारी काका मोठा तपकिरी स्वेटर घालून वाचनालयात आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. शिपाई दारात पेंगत होता, बाई आपल्या खोलीत होत्या. काकांनी भाग एक स्वेटरच्या आत घातला, दोन्ही हात पोटावर धरले आणि निघाले. एक, दोन, तीन. सात पावलांपर्यंत सगळं ठीक होतं. आठव्या पावलाला मागच्या खोलीचं दार होतं, आणि त्या दाराला महिन्यापूर्वी एक नवी पांढरी चौकट बसवली होती. तिच्यातून काका पार झाले आणि चौकट बोलली.

"कृपया थांबा," ती अतिशय गोड आवाजात म्हणाली. "आपल्याजवळ एक पुस्तक आहे."

दालनातल्या तेवीस माणसांनी माना वर केल्या.

"आपल्याजवळ एक पुस्तक आहे," चौकटीने पुन्हा सांगितलं. "लाजू नका. ते मेजावर ठेवा."

शिपाई धावत आला आणि काकांना बघून गोठला. एकतीस वर्षं त्याने काकांना अकरा वाजता चहा आणून दिला होता. "काका, हात वर करा," तो कसानुसा म्हणाला. "माझी इच्छा नाही हो, पण कॅमेरा बघतोय."

काकांनी हात वर केले. भाग एक स्वेटरमधून घसरून खाली पडला. मुखपृष्ठावरचा काळ्या चष्म्याचा माणूस उताणा पडून छताकडे बघू लागला.

"वाचायला हवं होतं तर सांगायचं ना, मी घरी आणून दिलं असतं," शिपाई म्हणाला.

"वाचायला नको होतं."

"मग?"

"ठेवायला हवं होतं."

शिपायाने काकांकडे पाहिलं आणि मान हलवली. वयाप्रमाणे होतं असं, अशा अर्थाची ती मान होती. काकांना ती चोरीच्या आरोपापेक्षा जास्त लागली.

ते पुस्तक परत ठेवायला मागच्या खोलीत गेले तेव्हा तिथे खिडकीपाशी एक माणूस बसला होता. पिकलेले केस, खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि भर खोलीत काळा चष्मा.

"भाग एक कुठे चालवला होता?" त्याने विचारलं.

काकांना का कोण जाणे, या अनोळखी माणसाला खरं सांगावंसं वाटलं. कदाचित त्याचे डोळे दिसत नव्हते म्हणून असेल. त्यांनी सगळं सांगितलं : तेहतिसावं पान, सातवा रकाना, शनिवारची गाडी.

वायरमनने भाग एक त्यांच्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. "म्हणजे तुम्हीच ती इथे ठेवलीत," तो म्हणाला. "आम्ही नेहमी म्हणायचो, कुणी ठेवली असतील? आम्ही काही कादंबऱ्यांच्या कपाटाशी जाणारी माणसं नाही हो. पंख्याची मोटर कशी गुंडाळायची ते बघायला मी इथे आलो आणि हे हाताला लागलं. एकदा सुरू केलं ते मोटर राहिली बाजूला. आमच्यात आता नवा माणूस आला की आधी भाग एक देतात, पक्कड नंतर."

"आणि चष्मा?"

"भाग दोन."

"'मी इथे आलो नव्हतो'?"

"भाग तीन. ते म्हटलं की काम कसं चोख होतं, बघा. नाव मागे ठेवायचं नाही म्हटल्यावर काम तरी ठेवावंच लागतं."

काकांना पुरवणी आठवली. पुरवणीतल्या लेखकाने सिनेमे, खेळ, कपडे असा सगळा प्रभाव मांडला होता. या शहरातल्या घराघरांत तो भिंतीच्या आत जाऊन बसला होता, आणि त्याला कारण कार्डकाका.

"भाग पाच वाचलात?" वायरमनने विचारलं.

"मी... तेहतिसावं पान वाचलंय."

वायरमनने चष्मा काढला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण ती शहरात पूर्वी कुणी पाहिली नव्हती. साधे, थकलेले, चांगले डोळे होते. "बसा," तो म्हणाला. "शेवटचं प्रकरण वाचा."

काका वाचू लागले. त्या शहरातलं प्रत्येक बटण कंपनीला जोडलेलं असतं. दिवा लावला की कंपनीला कळतं, दार उघडलं की कळतं, रात्री पाणी प्यायला कुणी उठलं तरी कळतं. एक म्हातारा वायरमन कामाला गेला की त्या घरात गुपचूप एक जादा बटण बसवून येतो. ते कशालाच जोडलेलं नसतं. तो म्हणतो, 'हे दाबल्याची खबर कुणालाही लागणार नाही. एवढं एक तरी माणसाचं असू दे.'

"तुमच्या घरीही आहे," वायरमन म्हणाला. "डावीकडून चौथं. मीच बसवलंय."

घरी आल्यावर काका स्विचबोर्डापुढे उभे राहिले. बाकीची बटणं नऊ वर्षांत पिवळी पडली होती. चौथं मात्र बोट लागून लागून चकचकीत झालं होतं. याचा अर्थ त्यांना लागेना. आत काकू डाळ निवडत गुणगुणत होत्या. विचारावं असं मनात आलं, पण काकांना विचारायला नेहमीच दोन दिवस लागत.

ते दोन दिवस त्यांनी मागच्या खोलीत बसून काढले. आठही भाग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, समासातल्या भांडणांसकट. भाग सहामध्ये त्या मुलीने खरंच फसवलेलं नव्हतं. काकांना तिथे चष्मा पुसावा लागला. शुक्रवारी दुपारी त्यांनी नवा अर्ज घेतला, सातव्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि ते इतकं बारीक झालं की वाचता येईना, म्हणून पुन्हा एकदा लिहिलं.

चार वाजता वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा भरली. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते आणि कुणाशीही बोलताना त्याच्या जबड्याकडे बघत. ग्रंथपालबाई कागद लावून बसल्या होत्या. भिंतीला टेकून अकरा काळे चष्मे उभे होते.

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"आम्ही इथे आलेलो नाही," पिकल्या केसांचा वायरमन म्हणाला.

शिपायाने हजेरीपुस्तकात लिहिलं : 'अकरा जण आले नाहीत.'

अध्यक्षांनी अर्ज वाचायला घेतला. सातव्या रकान्यापाशी थांबले. "मूळ चूक कोणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"ऐकू आलं नाही. तोंड नीट उघडा."

"माझी."

"मोठं. आणखी मोठं."

"माझी चूक!" काका ओरडले. खिडकीबाहेर सायकलवरून जाणारा एक गृहस्थ दचकून उतरला आणि नेमकी कशाबद्दल माफी मागावी या विचारात उभा राहिला. मग शिपाई म्हणाला, "काकांच्या हातून?" आणि त्याचा चेहरा पडला. काकांना वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटतं. तसं काही वाटलं नाही. भर सभेत स्वेटर काढल्यासारखं वाटलं.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "कादंबऱ्या तर कादंबऱ्या. बाई, कादंबऱ्यांत घ्या."

"घेता येणार नाही सर," बाई म्हणाल्या. "नियम चौदा. फाटलेली कादंबरी रद्द."

"मग तांत्रिक राहू द्या. फाटलेल्या तांत्रिक पुस्तकाची बांधणी करता येते ना?"

"येते. पण नियम पंधरा. वीस वर्षांपेक्षा जुनं तांत्रिक पुस्तक रद्द."

अध्यक्षांनी भाग एक हातात घेऊन हलवून पाहिला. "कादंबरी म्हणावी तर फाटकी, तांत्रिक म्हणावं तर जुनं. मुळं राहिलेली नाहीत. काढावीच लागणार."

अकरा चष्म्यांमधून एक सुस्कारा निघाला. काकांनी खाली बघितलं. म्हणजे बुधवारी कुणी अडवलं नसतं, आठही पुस्तकं अठरा पावलं चालून गेली असती, तरी ती रद्दीतच जायची होती. मानही गेला आणि पुस्तकंही गेली. त्या क्षणी त्यांच्यातल्या एकतीस वर्षांच्या सूचीकाराने त्यांच्या परवानगीशिवाय तोंड उघडलं.

"स्थानिक इतिहास," काका म्हणाले.

"काय?"

"नियम एकोणीस. स्थानिक इतिहासाचं पुस्तक कोणत्याही अवस्थेत रद्द करता येत नाही. मजकूर कादंबरीचा आहे. पण समास... समास या शहराचे आहेत. कुणाच्या घरात कोणती तार कुठून गेली, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. मी पूर्ण वाचली आहेत. या खेपेला."

"समासातल्या नोंदी खऱ्या कशावरून?" अध्यक्षांनी विचारलं.

काकांनी भाग चार उघडला. बोट आपोआप पानावर गेलं. "पान एकशे बारा. 'वाचनालय, सभागृह. पहिली दोन बटणं पंखे. तिसरं आणि चौथं दिवे. पाचवं कशालाच जोडलेलं नाही. भाग पाच बघा.'"

सगळ्यांच्या माना स्विचबोर्डाकडे वळल्या. पाचवं बटण होतं. अध्यक्ष उठले. खोलीत इतकी शांतता होती की पंख्याचा खडखडाट उद्धट वाटला. अध्यक्षांनी बटण दाबलं.

काहीही झालं नाही.

त्यांनी वर केलं, पुन्हा खाली केलं. काही म्हणता काही झालं नाही. आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. काहीही न झाल्याबद्दल त्या सभागृहात टाळ्या पडण्याची ही पहिलीच वेळ. एरवी काही न होणं हा तिथला रोजचा क्रम होता.

शिपाई मात्र हादरला होता. "साहेब, मी अठरा वर्षं ते बटण दाबून घरी जातोय," तो म्हणाला. "मला वाटायचं, वाचनालय बंद त्यानेच होतं."

ठराव एकमताने झाला. आठही पुस्तकं स्थानिक इतिहासात. बाईंनी लाल ठिपके स्वतःच्या नखाने खरवडून काढले आणि जाता जाता काकांना हळूच विचारलं, "त्या मुलीने फसवलं का हो?" काका म्हणाले, "भाग सहा वाचा." स्थानिक इतिहासाचं कपाट मागच्या खोलीतच, दुरुस्तीच्या शेजारी होतं. पुस्तकं एकंदर दोन पावलं हलली.

निघताना काकांनी अध्यक्षांना मानपत्राबद्दल विचारलं. ते आता खरं राहिलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, दिलेलं मानपत्र दुरुस्त करायचा अर्ज अस्तित्वात नाही. तो कधी कुणी तयार केला नाही. हे काकांनी निमूट मान्य केलं.

घरी येऊन त्यांनी पॅसेजमधली चौकट उतरवली, मागचे खिळे उचकटले, कागद बाहेर काढला, आणि 'एकही पुस्तक चुकीच्या जागी गेले नाही' याच्यापुढे पेन्सिलीने, समासात, बारीक अक्षरात लिहिलं : 'एक संच सोडून.' मग चौकट पुन्हा लावली. काकू पदराला हात पुसत आल्या, त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि तिरकी लागलेली चौकट सरळ केली.

काकांचे दोन दिवस पूर्ण झाले होते. "हे चौथं बटण," त्यांनी विचारलं. "तू दाबतेस?"

"दाबते की."

"कधी?"

"तुम्ही ते वाक्य म्हणालात की. एकतीस वर्षांत एकही पुस्तक, ते."

काकांनी नऊ वर्षांचा हिशेब मनात केला आणि त्यांचे कान लाल झाले. "पण त्याने काय होतं?"

"काही होत नाही. म्हणून तर दाबते. तुम्हाला बोलले असते तर तुम्हाला लागलं असतं."

काका त्या चकचकीत बटणाच्या आणखी जवळ गेले. मग चोरट्यासारखे म्हणाले, "आज मी दाबून बघू?"

काकू बाजूला सरकल्या. "दाबा. पण सवय लावून घेऊ नका. ते माझं आहे."

काकांनी बोट टेकवलं. 'टक्' असा आवाज झाला. दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही, कुठे कुणाला काही कळलं नाही. दोघंही थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि काही होत नाही याची नीट खात्री करून घेतल्यावर काकूंनी चहा ठेवला.